गुडघा बदलण्याआधी काय विचारायचे?

मोहालीतल्या साठीपुढच्या माणसाला गुडघेबदलाची माहिती शोधत हिंडावे लागत नाही. ती चालून अंगावर येते. रस्त्याकडेचे फलक रोबोची जाहिरात करतात, वर्तमानपत्रात घालून आलेले पत्रक ‘सोनेरी गुडघा’ विकते आणि सकाळी बागेत फिरणाऱ्यांत दोन्ही गुडघे बदलून घेतलेले एखादे काका भेटतातच. ते आपल्या डॉक्टरांचे नाव सांगतात, खर्च सांगतात आणि ‘उगाच इतकी वर्षे थांबलो’ हेही सांगतात. ज्यांचे ऑपरेशन मनासारखे झाले नाही, ती माणसे मात्र बागेत फारशी दिसत नाहीत.

या शहराचे सरकारी नाव साहिबजादा अजितसिंग नगर. २००६ मध्ये ते स्वतंत्र जिल्ह्याचे ठिकाण झाले. त्याआधीच, २००१ मध्ये, फोर्टिस समूहाचे पहिले रुग्णालय इथे उभे राहिले होते. पुढे मॅक्स, आयव्ही अशी रुग्णालये आली. शेजारी चंदीगडमध्ये १९६२ साली सुरू झालेली पीजीआय ही संस्था आहे, तर पंचकुल्याच्या बाजूला चंडीमंदिरला लष्कराचे कमांड हॉस्पिटल. पंजाब, हरियाणा आणि हिमाचल अशा तीन राज्यांतले दुखरे गुडघे या एका पट्ट्यात येतात. लष्कर, हवाई दल किंवा आयसरसारख्या संस्थांमुळे इथे स्थिरावलेल्या मराठी घरांतही हा विषय निघतोच. साताऱ्याहून किंवा वर्ध्याहून मुलाकडे राहायला आलेल्या आईला जिना चढवेनासा झाला, की ‘इथेच करून घेऊ या का?’ असा प्रश्न पुढे येतो.

आणि मग तुलना सुरू होते: कोणत्या कंपनीचा सांधा, कोणता धातू, रोबो की हाताने. गेल्या पंचवीस वर्षांतले मोठे अभ्यास एकत्र ठेवून पाहिले तर एक विसंगती ठळकपणे दिसते. ज्या पर्यायांची जाहिरात सर्वांत जोरात होते, त्यांच्यातला फरक सर्वांत कमी आहे. ज्या निर्णयांनी रुग्णाच्या पुढच्या पंधरा वर्षांत खरा फरक पडतो, ते कोणत्याच फलकावर नसतात.

झिजते काय, दुखते काय

आपल्याकडे ‘गुडघ्यातले वंगण संपले’ असे सर्रास म्हटले जाते. प्रत्यक्षात झिजते ती मांडीच्या आणि नडगीच्या हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत कूर्चा. तिच्यात रक्तवाहिन्या नसल्याने ती नीट भरून येत नाही. हाडाला कडेने काटे फुटतात, सांध्याचे अस्तर सुजते, मांडीचे स्नायू वापराअभावी रोडावतात. भारतीय रुग्णांत बहुधा गुडघ्याची आतली बाजू आधी झिजते. म्हणून पाय हळूहळू धनुष्यासारखे बाहेर बाक घेतात. स्त्रियांमध्ये हे प्रमाण अधिक. गुडघा बदलून घेणाऱ्या भारतीय रुग्णांत सुमारे तीन-चतुर्थांश स्त्रियाच असतात.

एक्स-रेवरून झिजेची प्रत ठरवण्याची केलग्रेन आणि लॉरेन्स यांची पद्धत १९५७ पासून वापरात आहे. तिच्यात चौथी पायरी सर्वांत वाईट. परंतु एक्स-रे आणि वेदना यांचे गणित जुळतेच असे नाही. चौथ्या पायरीचा गुडघा घेऊन रोज तासभर चालणारे असतात आणि दुसऱ्या पायरीवर रात्रभर तळमळणारेही असतात. ‘तुमचा गुडघा पूर्ण गेला आहे, हा बघा फोटो’ एवढ्यावर ऑपरेशन ठरत असेल, तर निर्णय चुकीच्या कागदावर उभा आहे. चालण्याचे अंतर, रात्रीची झोप, रोजची किती कामे सुटली आणि औषध-व्यायाम मनापासून करूनही किती दुखते, यांवरून तो ठरायला हवा.

ऑपरेशनच्या अलीकडचे उपाय

गुडघेबदलाआधीचे उपाय दोन प्रकारचे: टिकलेले आणि फक्त खपलेले. खपलेल्यांत दुर्बिणीतून गुडघा ‘धुऊन साफ’ करणे एकेकाळी फार लोकप्रिय होते. अमेरिकेतल्या ह्यूस्टनमध्ये १८० रुग्णांवर झालेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीने त्याला धक्का दिला. काही रुग्णांची खरी शस्त्रक्रिया झाली, काहींना केवळ कातडीवर छेद दिले गेले. दोन वर्षांनंतरही वेदनेत फरक नव्हता. झिजलेल्या गुडघ्यासाठी ही शस्त्रक्रिया आता सुचवली जाऊ नये, असे बहुतेक मार्गदर्शिका सांगतात.

इंजेक्शनांची कथाही फार वेगळी नाही. रुग्णाच्याच रक्तातल्या प्लेटलेट गुडघ्यात टोचण्याच्या ‘पीआरपी’ उपचाराची ऑस्ट्रेलियात २८८ रुग्णांवर मिठाच्या पाण्याशी तुलना झाली. २०२१ च्या त्या अहवालात वर्षानंतर दोन्ही गटांत अर्थपूर्ण फरक आढळला नाही. स्टिरॉइडचे इंजेक्शन काही आठवडे आराम देते, लग्नकार्यासारख्या प्रसंगी उपयोगी पडते. पण दर तीन महिन्यांनी दोन वर्षे ते देत राहिल्यास कूर्चा अधिक झिजते आणि वेदनेत लाभ उरत नाही, हे २०१७ च्या अभ्यासात दिसले. दुकानात सहज मिळणाऱ्या ग्लुकोसामाइनच्या गोळ्यांनीही २००६ च्या मोठ्या अमेरिकी चाचणीत एकूण रुग्णांना बनावट गोळीपेक्षा लक्षणीय अधिक आराम दिला नव्हता.

टिकलेले उपाय दोन आणि दोन्ही कष्टाचे: मांडीच्या स्नायूंचा नियमित व्यायाम आणि वजन उतरवणे. वजन एक किलो कमी झाले की चालताना प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी घटतो. व्यायामाने वजन उतरत नसलेल्या स्थूल रुग्णांसाठी आता औषधाचाही आधार आला आहे. सेमाग्लुटाइडच्या ४०७ रुग्णांवरच्या २०२४ च्या चाचणीत वजन सरासरी १३.७ टक्के उतरले आणि गुडघेदुखीही बनावट औषधाच्या गटापेक्षा स्पष्टपणे कमी झाली. औषध डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायचे असते, हे ओघाने आलेच.

मग ऑपरेशन आणि ऑपरेशनविना उपचार यांची समोरासमोर तुलना कुणी केली आहे का? डेन्मार्कमध्ये केली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत गुडघेबदलाला पात्र ठरलेल्या १०० रुग्णांचे दोन गट पाडले. एका गटाचा गुडघा बदलून वर बारा आठवड्यांचा व्यायाम, आहार, समुपदेशन असा कार्यक्रम दिला. दुसऱ्याला केवळ हा कार्यक्रम. वर्षाअखेरीस ऑपरेशन झालेल्यांची सुधारणा जवळजवळ दुप्पट होती. गंभीर गुंतागुंतीही त्यांच्यात जास्त होत्या, २४ विरुद्ध ६. आणि ऑपरेशन न झालेल्या गटातल्या जवळपास तीन-चतुर्थांश लोकांनी त्या वर्षात ऑपरेशन करून घेतलेच नाही.

या एका अभ्यासातून दोन्ही बाजूंना आपापले वाक्य सापडते. ‘ऑपरेशनला पर्याय नाही’ हे खरे नाही आणि ‘व्यायामाने ऑपरेशनइतकेच बरे वाटते’ हेही खरे नाही. तीन महिने नीट व्यायाम केल्यावरही दुखणे जगणे अडवत असेल तर गुडघेबदल हा उत्तम उपाय आहे. त्यापुढे मात्र ‘जितके लांबवू तितके बरे’ म्हणत बसण्यातही तोटा असतो. मांडीचे स्नायू पार सुकतात, गुडघा वाकलेल्या अवस्थेत आखडतो आणि मग उत्तम ऑपरेशननंतरही तो पूर्वपदावर येत नाही.

इंदूर, न्यू यॉर्क आणि ब्रीच कँडी

गुडघा बदलण्याची कल्पना जुनी आहे. बर्लिनच्या थेमिस्टोक्लीस ग्लुक यांनी १८९० मध्ये हस्तिदंती बिजागरीचा गुडघा बसवून पाहिला. जंतुसंसर्गाने तो प्रयत्न फसला. आजच्या सांध्याची घडण १९७४ ची. न्यू यॉर्कच्या ‘हॉस्पिटल फॉर स्पेशल सर्जरी’मध्ये जॉन इन्सॉल, चित्तरंजन राणावत आणि पीटर वॉकर यांनी ‘टोटल काँडायलर’ नावाचा सांधा तयार केला: मांडीच्या हाडाला धातूची टोपी, खाली पॉलिथिलीनची बैठक, गुडघ्याच्या वाटीलाही अस्तर आणि सगळे हाडाला सिमेंटने पक्के. पन्नास वर्षांत आकार सुधारले, प्लास्टिक सुधारले; मूळ आराखडा तोच राहिला.

यातले राणावत इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातून शिकून अमेरिकेला गेलेले. महाराष्ट्राला त्यांचे नाव कळले ते पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्यामुळे. ऑक्टोबर २००० मध्ये वाजपेयींचा डावा आणि जून २००१ मध्ये उजवा गुडघा त्यांनी मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात बदलला. वाजपेयी तेव्हा पंचाहत्तरी गाठलेले किंवा ओलांडलेले. देशभरच्या वर्तमानपत्रांत त्या गुडघ्यांच्या बातम्या आल्या आणि श्रीमंतांचे परदेशी ऑपरेशन समजला जाणारा हा उपचार मध्यमवर्गाच्या बोलण्यात आला. त्या गाजावाजात एक तपशील मात्र मागे पडला. देशातल्या सर्वांत मोठ्या पदावरच्या रुग्णाचे दोन गुडघे एकाच वेळी बदलले गेले नव्हते; मध्ये आठ महिने गेले होते.

अर्धा की पूर्ण

पर्यायांत पहिला खरा फाटा इथे फुटतो. गुडघ्याचे तीन कप्पे असतात: आतला, बाहेरचा आणि वाटीमागचा. झीज फक्त आतल्या कप्प्यात असेल, अस्थिबंध (लिगामेंट) शाबूत असतील आणि पायाचा बाक फार नसेल, तर तेवढाच कप्पा बदलता येतो. या अर्ध्या गुडघेबदलात हाड कमी कापले जाते, अस्थिबंध जागेवर राहतात, रक्त कमी जाते आणि माणूस लवकर चालू लागतो. जॉन गुडफेलो आणि जॉन ओ’कॉनर यांच्या ‘ऑक्सफर्ड’ सांध्याने ही पद्धत रुळवली.

ब्रिटनमधल्या २७ केंद्रांवर ५२८ रुग्णांची पाच वर्षे झालेली तुलना २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. वेदना आणि हालचाल यांत अर्धा आणि पूर्ण हे दोन्ही सारखेच ठरले. अर्ध्याचा एकूण खर्च कमी आला. दुसऱ्या पारड्यात टिकाऊपणा आहे. वेगवेगळ्या देशांच्या नोंदी एकत्र करून त्याच वर्षी काढलेल्या अंदाजानुसार २५ वर्षांनी पूर्ण बदललेल्या गुडघ्यांपैकी सुमारे ८२ टक्के टिकून असतात, अर्ध्यांपैकी सुमारे ७०.

हा फरक वाचताना रुग्णाचे वय विसरायचे नसते. ब्रिटिश नोंदींवरून २०१७ मध्ये काढलेले गणित असे, की सत्तरीनंतर पूर्ण गुडघा बदलणाऱ्याला आयुष्यात पुन्हा ऑपरेशन लागण्याची शक्यता ५ टक्क्यांच्या आसपास असते. पन्नाशीच्या सुरुवातीला बदलणाऱ्या पुरुषांत ती ३५ टक्क्यांपर्यंत जाते. म्हणजे बहात्तर वर्षांच्या आजींना ‘हा सांधा तीस वर्षे टिकेल’ असे सांगून महागडा प्रकार विकण्यात फारसा अर्थ नाही.

अर्ध्या गुडघ्याच्या बाबतीत सर्वांत मोठा प्रश्न डॉक्टरांच्या हाताचा आहे. ज्यांच्या एकूण गुडघेबदलांत अर्ध्यांचा वाटा किमान पाचवा हिस्सा असतो, त्यांच्या रुग्णांना पुन्हा ऑपरेशन कमी लागते, असे ब्रिटनच्या नोंदी सांगतात. वर्षाकाठी चार-दोनच करणाऱ्याकडून तो करून घेण्यापेक्षा पूर्ण गुडघा बरा. आणि ‘आमच्याकडे अर्धा करतच नाहीत’ असे उत्तर मिळाले, तर आपला गुडघा त्याला पात्र आहे का, हे दुसऱ्या ठिकाणी दाखवून घ्यायला हरकत नाही. मात्र आपल्याकडचे रुग्ण इतक्या उशिरा येतात की तोवर बहुतेकांचे तिन्ही कप्पे गेलेले असतात, हेही तितकेच खरे.

साठीच्या आतल्या, कष्टाचे काम करणाऱ्या माणसासाठी नडगीचे हाड कापून पायाची रेषा सरळ करण्याचा तिसरा मार्ग आहे. त्यात स्वतःचा गुडघा शाबूत राहतो आणि बदलण्याची वेळ कित्येक वर्षे पुढे जाते. चीनमधून आलेली, नडगीशेजारच्या बारीक हाडाचा तुकडा काढण्याची स्वस्त शस्त्रक्रिया मध्यंतरी भारतात बरीच गाजली. तिच्या बाजूचा पुरावा अजून तोकडा आहे.

धातू, हाय-फ्लेक्स आणि रोबो

आता फलकांवरच्या पर्यायांकडे वळू. नेहमीचा सांधा कोबाल्ट-क्रोमचा. त्याहून महाग टायटॅनियमचे आणि ऑक्सिडाइज्ड झिरकोनियमचे. ‘सोनेरी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या सांध्यावर टायटॅनियमच्या संयुगाचा पिवळा मुलामा असतो, सोने नसते. ज्यांना निकेलची तीव्र ॲलर्जी आहे अशा थोड्या रुग्णांसाठी असे प्रकार विचारात घेतले जातात. सर्वसाधारण वृद्ध रुग्णाला मात्र या धातूंमुळे कमी दुखते किंवा अधिक चालता येते, असे दाखवणारा भक्कम पुरावा नाही.

जास्त वाकणारा म्हणून विकला जाणारा ‘हाय-फ्लेक्स’ गुडघा तर खास आशियाई रुग्णांसाठीच पुढे आणला गेला. त्याची साध्या सांध्याशी अनेकदा तुलना झाली आणि रुग्णाला जाणवेल एवढा फरक सापडला नाही. ऑपरेशननंतर गुडघा किती वाकेल, याचा सर्वांत चांगला अंदाज तो ऑपरेशनआधी किती वाकत होता यावरून येतो. मागचा अस्थिबंध ठेवायचा की काढायचा, बैठक स्थिर की फिरती, हे शल्यचिकित्सकांच्या परिषदांत रंगणारे वाद. रुग्णाच्या बाजूने पाहिले तर निकाल बरोबरीचा आहे.

रोबोबद्दल लोकांचा पहिला समज असा की यंत्र एकटेच ऑपरेशन करते. तसे नसते. सीटी स्कॅनवरून किंवा ऑपरेशनच्या टेबलावर घेतलेल्या मोजमापांवरून संगणक गुडघ्याचा नकाशा बनवतो, हाड कुठे आणि किती कापायचे ते ठरते, आणि करवत त्या रेषेबाहेर जाऊ नये म्हणून यंत्राचा हात अडवतो. निर्णय आणि हात शल्यचिकित्सकाचेच असतात. यामुळे सांधा ठरलेल्या कोनात बसण्याचे प्रमाण वाढते, हे सिद्ध झाले आहे. त्यामुळे रुग्णाला अधिक बरे वाटते का? दक्षिण कोरियात रोबोने आणि नेहमीच्या पद्धतीने केलेल्या गुडघ्यांचा किमान दहा वर्षे पाठपुरावा झाला. २०२० मध्ये आलेल्या निष्कर्षांत वेदना, हालचाल आणि टिकाऊपणा या तिन्हींत फरक नव्हता. तो रोबो जुन्या पिढीचा होता, आजची यंत्रे अधिक सफाईदार आहेत, असा युक्तिवाद केला जातो आणि तो चुकीचा नाही. पण नव्या यंत्रांना दहा-पंधरा वर्षांचा हिशेब अजून द्यायचा आहे. तोपर्यंत रोबो असलेल्या नवख्या हातापेक्षा रोबो नसलेला अनुभवी हात निवडावा. आणि अनुभवी शल्यचिकित्सक रोबो वापरत असतील, तर जादा आकार किती ते आधी विचारून घ्यावे.

एक की दोन्ही

मोहाली-चंदीगडमध्ये काय किंवा पुण्या-मुंबईत काय, दोन्ही गुडघे एकदम बदलण्याकडे ओढा मोठा आहे. कारणे समजण्यासारखी आहेत. दोन्ही पाय सारखेच गेलेले असतात, भूल एकदाच द्यावी लागते, रुग्णालयाचा मुक्काम एकदाच, आणि कॅनडाहून सुट्टी काढून आलेल्या मुलाला पुन्हा येणे जमणार नसते. तब्येतीने ठणठणीत, हृदय-फुप्फुसे चांगली असलेल्या पासष्टीच्या माणसाला हे चालून जाते. पण एकाच दिवशी दोन्ही केल्यास फुप्फुसात रक्ताची गाठ अडकण्याचा आणि हृदयावर ताण येण्याचा धोका वाढतो. पंचाहत्तरीपुढे, हृदयविकार किंवा जुना दमा असताना, काही महिन्यांच्या अंतराने एकेक करणेच शहाणपणाचे. ही निवड मुलाच्या तिकिटावरून नव्हे, भूलतज्ज्ञांच्या तपासणीवरून व्हावी.

धोक्यांचा हिशेबही साध्या आकड्यांत मांडता येतो. खोलवर जंतुसंसर्ग शंभरात साधारण एकाला होतो. पण तो झाला तर बसवलेला सांधा काढण्याची पाळी येऊ शकते. मधुमेह आटोक्यात नसणे, धूम्रपान, अतिलठ्ठपणा आणि अंगात रक्त कमी असणे या चार गोष्टींनी तो धोका वाढतो आणि चारही ऑपरेशनआधी सुधारता येतात. तीन महिन्यांची सरासरी साखर आठ टक्क्यांच्या वर असेल, तर तारीख पुढे ढकलणारे डॉक्टर आपले नुकसान करत नसतात.

मांडी घालून बसता येईल का?

आपल्याकडच्या रुग्णाच्या मनात हा प्रश्न वेदनेच्या खालोखाल असतो. पाटावर जेवणे, देवापुढे बसणे, भजनाला मांडी घालणे, गावाकडचे संडास: सगळे गुडघ्याच्या वाकण्यावर अवलंबून. पंजाबात गुरुद्वारातली संगत आणि लंगरची पंगत जमिनीवर बसते. १९९८ मध्ये अकाल तख्ताने लंगर जमिनीवर बसूनच घ्यावा असा आदेश काढला, तेव्हा कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात टेबल-खुर्च्यांवरून शीख समाजात उभी फूट पडली होती. जमिनीवर बसणे ही इथे सवयीपलीकडची, श्रद्धेची आणि समतेची गोष्ट आहे. वारकऱ्यांच्या पंगतीला तरी दुसरा कोणता नियम आहे?

बदललेला गुडघा साधारणपणे ११० ते १२५ अंशांपर्यंत वाकतो. खुर्चीवरून उठणे, जिना, गाडीत बसणे, देवळाच्या पायऱ्या यांना तो पुरतो. उकिडवे बसायला त्याहून बरेच जास्त वाकावे लागते. काहींना पुढे मांडी घालता येते, पण ती मिळकत वरकड समजावी. तिची हमी देऊन कुणी महाग सांधा विकत असेल तर सावध व्हावे. गुडघे टेकणे बहुतेकांना अस्वस्थ वाटते, जखमेच्या बाहेरच्या बाजूला थोडी बधिरता राहते. हे आधी सांगितलेले असले तर रुग्ण ते सहज स्वीकारतो. न सांगितलेले असले तर तेच ‘ऑपरेशन फसले’ या भावनेचे मूळ ठरते. तांत्रिकदृष्ट्या उत्तम झालेल्या ऑपरेशननंतरही पाचातला एक रुग्ण पूर्ण समाधानी नसतो, हे अनेक देशांतल्या पाहण्यांत पुन्हा पुन्हा आढळले आहे. त्या नाराजीत अवाजवी अपेक्षेचा वाटा मोठा असतो.

पैशाचे गणित

ऑगस्ट २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने गुडघ्याच्या सांध्यांच्या किमतींवर मर्यादा घातली. तोवर सरासरी १,५८,३२४ रुपयांना मिळणारा कोबाल्ट-क्रोमचा सांधा कर सोडून ५४,७२० रुपयांवर आला. टायटॅनियम आणि ऑक्सिडाइज्ड झिरकोनियमचा सांधा सुमारे अडीच लाखांवरून ७६,६०० वर, हाय-फ्लेक्स ५६,४९० वर आणि दुसऱ्यांदा बदलण्यासाठी लागणारा सांधा १,१३,९५० वर. या नियंत्रणाची मुदत पुढे वेळोवेळी वाढवली गेली. बिलात सांध्याची किंमत, कंपनी आणि बॅच क्रमांक वेगळे दाखवणे रुग्णालयांना बंधनकारक केले गेले.

मर्यादा सांध्याला आहे. खोली, शस्त्रक्रियागृह, डॉक्टरांची फी आणि रोबोचा आकार तिच्याबाहेर. म्हणूनच दोन रुग्णालयांच्या दरपत्रकांत आज जी तफावत दिसते, ती मुख्यतः सांध्यामुळे नसते. ‘पॅकेज’ ऐकताना त्यात काय नाही, हे विचारावे: फिजिओथेरपी, अतिदक्षता विभागाचा जादा दिवस, गुंतागुंत झाल्यास होणारा खर्च. माजी सैनिकांना २००३ पासून ईसीएचएस, केंद्रीय निवृत्तांना सीजीएचएस आणि ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीवरील सर्वांना, उत्पन्नाची अट न घालता, आयुष्मान भारतचे पाच लाखांपर्यंतचे संरक्षण आहे. योजना ज्या राज्यात आणि ज्या रुग्णालयात लागू आहे तिथेच ती चालते, त्यामुळे ही चौकशी दाखल होण्याआधी करायची.

टाके सुटल्यानंतर

गुडघेबदलाचा अर्धा भाग शस्त्रक्रियागृहाबाहेर होतो. हल्ली बहुतेक ठिकाणी त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी वॉकर धरून चालवतात. पहिले सहा आठवडे कठीण: रात्री दुखते, पाय सुजतो, व्यायाम नकोसा वाटतो. नेमक्या याच काळात गुडघा पूर्ण सरळ होणे आणि नव्वद अंशांपलीकडे वाकणे कमवायचे असते. सगळे लक्ष वाकण्याकडे असते. पण गुडघा सरळ झाला नाही तर माणूस कायम लंगडतो. उशी गुडघ्याखाली ठेवून झोपायचे नाही, असे फिजिओथेरपिस्ट वारंवार बजावतात ते यासाठीच. तीन महिन्यांत बहुतेक कामे सुरू होतात, सुधारणा मात्र वर्षभर चालू राहते. पोटरी एकाएकी सुजली, धाप लागली, ताप आला किंवा जखमेतून पाणी येऊ लागले, तर पुढच्या भेटीची वाट पाहायची नसते.

घराची तयारीही आधीच करावी: कमोड, न्हाणीघरात धरायला दांडा, घसरणाऱ्या सतरंज्या बाजूला. मोहालीत मुलाकडे ऑपरेशन करून पंधरा दिवसांत गावी परतायचा बेत असेल, तर तिथे फिजिओथेरपी कोण देणार, हे तिकीट काढण्याआधी ठरलेले हवे. उत्तरेत अनेक जण थंडीत ऑपरेशन करून घेतात, उन्हाळ्यात जखम पिकते या समजुतीने. शस्त्रक्रियागृहाच्या स्वच्छतेपुढे बाहेरच्या ऋतूला महत्त्व नाही. घरी मदतीला माणूस केव्हा असेल, हा हिशेब त्याहून मोलाचा.

निवडीचा क्रम

एवढ्या पर्यायांना क्रम लावला की गोंधळ बराच ओसरतो. आधी: तीन महिन्यांचा खरा व्यायाम आणि वजनाचा प्रयत्न झाला आहे का? मग: माझा गुडघा अर्ध्या बदलाला पात्र आहे का, नसेल तर का नाही? मग: एक की दोन्ही, हे कोणत्या तपासणीवरून ठरले? मग: हे डॉक्टर वर्षाला असे किती गुडघे करतात आणि त्यांतल्या किती जणांना पुन्हा ऑपरेशन लागले? मग: घरी गेल्यावर व्यायाम कोण करून घेणार? धातू, ब्रँड आणि रोबो यांचा नंबर यानंतर.

यातल्या चौथ्या प्रश्नाचे उत्तर मिळणे आपल्याकडे सर्वांत अवघड. स्वीडनने गुडघेबदलांची राष्ट्रीय नोंद १९७५ मध्ये सुरू केली, ऑस्ट्रेलियाने १९९९ मध्ये, इंग्लंड-वेल्सने २००३ मध्ये. भारतात शल्यचिकित्सकांच्या संघटनेने २००६ पासून नोंदवही ठेवली आहे, पण ती ऐच्छिक. सक्तीची नोंद नसल्याची किंमत काय असते, ते खुब्याच्या एका सांध्याने दाखवून दिले. एएसआर नावाचा तो सांधा लवकर बिघडतो, हे ऑस्ट्रेलियाच्या नोंदींत आधी लक्षात आले आणि ऑगस्ट २०१० मध्ये तो जगभरातून मागे घेतला गेला. भारतात तो सुमारे ४,७०० शस्त्रक्रियांत बसवला गेला होता. त्यांतल्या बहुतेक रुग्णांचा पत्ताच लागला नाही. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने २०११ मध्ये या प्रकरणी गुन्हा नोंदवला, तरी केंद्राने नेमलेल्या समितीचा अहवाल लोकांसमोर यायला २०१८ उजाडले.

प्रत्येक बदललेल्या सांध्याची सक्तीची, सर्वांना पाहता येईल अशी नोंद सुरू झाली, तर मोहालीतली दोन रुग्णालये किंवा पुण्यातले दोन डॉक्टर यांची तुलना फलकांऐवजी निकालांवरून करता येईल. तोपर्यंत रुग्णाच्या हाती एक साधी गोष्ट उरते. प्रत्येक सांध्याच्या खोक्यावर कंपनी, प्रकार आणि बॅच क्रमांक असलेले स्टिकर असते. ते डिस्चार्ज कार्डावर चिकटवून मागावे, त्याचा फोटो मुलांकडे ठेवावा आणि मूळ कागद घराच्या कागदपत्रांसोबत जपून ठेवावा.